दिवसाउजेडीचा धूर

अग्नी हे घराचे हृदय असते, आणि धुराडे म्हणजे त्या हृदयाने आकाशाशी अखंड चालवलेला संवाद. आमच्या गल्लीत हा संवाद रोज टक् टक् अशा आवाजाने सुरू होई, कारण शेजारच्या कमलाक्का चुलीत घालायचे प्रत्येक लाकूड आधी परसातल्या दगडावर आपटून घेत. लाकडातली मुंगी, वाळवी, एखादा झोपी गेलेला किडा खाली पडला पाहिजे, तो चालत सुरक्षित अंतरावर पोचला पाहिजे, आणि मगच आकाशाशी काय बोलायचे ते बोलावे, असा त्या घराचा क्रम होता. घाईत असलेला किडा मी आजवर पाहिलेला नाही. त्यामुळे संवाद पुष्कळदा रखडे.

पण फार रखडूनही चालत नसे. आक्का जैन. दिवस मावळल्यावर त्यांच्या पोटात अन्नाचा कण जात नसे, पाण्याचा थेंबही नाही. म्हणून उन्हे कलली की त्या परसदारी येत, उजवा हात पूर्ण लांब करत आणि आडवी धरलेली बोटे पलीकडच्या उसाच्या शेंड्यांवर टेकवून सूर्य किती बोटे वर उरला आहे ते पाहत. त्या वेळी पश्चिमेचा सगळा प्रकाश त्यांच्या फिक्या लुगड्यावर गोळा होई, कपाळावरच्या सुरकुत्यांत सोन्याच्या बारीक रेघा भरल्यासारख्या दिसत, आणि वाटे की ग्रहगती जाणणारी कुणी प्राचीन विदुषी काळाचे माप घेते आहे. मग ती विदुषी म्हणे, "भाकरी टाकाय पायजेत," आणि आत जाई.

थोड्याच वेळात धूर निघे. आधी काळपट आणि गोंधळलेला, मग निळा, मग जवळजवळ पारदर्शक. तो निळा झाला की गल्लीतल्या बायका धारेची भांडी घासायला घेत. तो विरला की पोरांना घरात बोलावण्याच्या हाका सुरू होत. आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होते आणि ते बरोबर चालत असे, तरी माझी आई त्याच्याकडे बघत नसे. "आक्काचा धूर निघाला का बघ," असेच ती विचारी. घड्याळाला किल्ली द्यावी लागते, आक्कांना द्यावी लागत नाही, हे तिचे कारण होते.

आमचे गाव इस्लामपूरहून सांगलीकडे येताना कृष्णेच्या अलीकडच्या काठावर आहे. ऊस, हळद आणि दरवर्षी वाढत जाणारी डिजिटल फलकांची संख्या, एवढेच त्याचे वैभव. गावातल्या घरांचा धूर कौलांच्या फटींतून वाट काढत जाई. धुरासाठी वेगळी वास्तू बांधावी, हे कुणाच्या मनातही आले नव्हते. आक्कांचे यजमान आप्पा गुळाचे अडते होते. एकदा ते गुळाच्या व्यवहारासाठी वर पाचगणीला गेले, तिथे कुणा साहेबाच्या जुन्या बंगल्याचे विटांचे धुराडे त्यांनी पाहिले, आणि परत येऊन तसलेच आपल्या बसक्या, एकमजली, कौलारू घरावर चढवले. ते घराच्या मानाने फार उंच झाले. वर चुन्याचे कमळ फुलवले होते. लांबून पाहिले की एखाद्या ठेंगण्या माणसाने दिवाणाची पगडी घातल्यासारखे दिसे. गाव त्याला आप्पांचा मनोरा म्हणे, आणि आप्पांना ते कौतुक वाटे.

हा झाला आप्पांचा इतिहास. आक्कांचा निराळा होता. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या स्वयंपाकघरात इतका धूर कोंडे की पहिल्या वर्षात त्यांचे डोळे कायम सुजलेले असत आणि माहेरची माणसे आली की सासरी जाच आहे असे समजत. आप्पांनी एकदा त्यांच्या डोळ्यांकडे पाहिले, आणि त्यानंतर पाचगणीला गेले. "गुळाला गिऱ्हाईक बघाय गेल्तो म्हणालं," आक्का सांगत. "पाचगणीत आमचा गूळ कोन खातंय? आजवर एक ढेप गेली न्हाई तकडं." मी विचारले, मग तुम्ही त्यांना कधी विचारलं नाही का? तर त्या माझ्याकडे अशा बघू लागल्या, की नवऱ्याला असले काही विचारण्याची पद्धत त्यांच्या काळी निघालीच नसावी.

आप्पा गेले. मुलगा अजित सांगलीला विश्रामबागेत चौथ्या मजल्यावर राहायला गेला. घरात आक्का आणि धुराडे उरले, आणि दोघांचेही वय होत चालले. महापुराचे पाणी ज्या वर्षी गल्लीत शिरले त्या वर्षी ते धुराड्याच्या पायाशी बरेच दिवस बसून राहिले. पाणी ओसरले, काळी माती आधी फुगली आणि उन्हाळ्यात आक्रसली, आणि धुराड्याच्या पश्चिमेच्या अंगाला खांद्यापासून वर कमळापर्यंत एक बारीक भेग पडली. अजितने कुणाकडून तरी तिच्यात सिमेंट भरून घेतले. पुढच्या उन्हाळ्यात ते सिमेंट पापुद्र्यासारखे सुटले आणि आपल्याबरोबर विटांचे टवके घेऊन गेले. आता धूर वरून कमी आणि कुशीतून जास्त निघे. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तो भेगेतून लांब, सावकाश, कण्हल्यासारखा बाहेर येई. पाहणाऱ्यालाच दम लागल्यासारखे वाटे.

अजित दर रविवारी गाडी घेऊन येई. अंगणात उभा राहून वर पाही, मान खाली घाली, मग पुन्हा वर पाही. तो वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. नोकरी, मुलीची परीक्षा, बायकोची कंबर आणि आईचे धुराडे, एवढे सगळे एकाच गाडीतून नेआण करण्याने माणूस जितका थकेल तितका.

"आई, हे एक दिवस चुलीवर येऊन पडेल. तू खाली बसलेली असशील."

"सांगून पडंल ते. आप्पांचं हाय."

"मला रात्री झोप लागत नाही."

"मग दुपारी झोपत जा की वाइच."

शेवटी त्याने निकराचे बोलून टाकले. आषाढात चातुर्मास बसतो. आक्का दरवर्षी नियम घेत: चार महिने गावाची वेस ओलांडायची नाही. एकदा तो नियम घेतला की त्यांना हलवणे अशक्य, हे अजितला ठाऊक होते. म्हणून त्याने अट घातली की चातुर्मास बसायच्या आत धुराडे नीट झाले तर आईने इथे राहावे, नाहीतर विश्रामबागेत यावे आणि नियम तिथे घ्यावा. आक्कांनी मान हलवली. त्या हालचालीचा अर्थ होकार असा अजितने घेतला. मला ती मानेवर बसलेली माशी उडवण्यासारखी वाटली.

आणि खरोखरच, पुढे सगळे माश्यांवर येऊन ठेपले.

फाल्गुनाच्या अखेरीस एका सकाळी आक्का चूल पेटवायला बसल्या आणि काडी ओढता ओढता थांबल्या. भिंत गुणगुणत होती. त्यांनी चुलीच्या तोंडाशी वाकून कान लावला. मला हाक मारली, म्हणून मीही लावला. दूरवरच्या एखाद्या मंदिरात पुष्कळ माणसे एकाच वेळी हळू आवाजात स्तोत्र म्हणत असावीत, तसा तो नाद होता. मंद, एकसुरी, आणि विलक्षण कामसू. परसात येऊन पाहिले तर भेगेच्या तोंडाशी सातेरी मधमाश्यांची ये-जा चालली होती. बारीक, काळसर, अंधाऱ्या पोकळीत घर करणारी ही जात. आप्पांच्या मनोऱ्यात तिला हवा तसा काळोख मिळाला होता.

आक्कांनी काडी पेटीत परत ठेवली. त्या दिवसापासून चूल बंद झाली. अजितने पूर्वी आणून दिलेली आणि कधी न वापरलेली गॅसची शेगडी सोप्यात एका स्टुलावर मांडली गेली. तिच्यासमोर आक्का उभ्या राहून भाकरी थापत, आणि परगावच्या बस स्टँडवर उभे राहून जेवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जे असते ते त्यांच्या चेहऱ्यावर असे. लाकडांची टक् टक् थांबली. धूर थांबला. गल्लीतल्या म्हशींना याचे काहीच वाटले नाही; त्यांना वेळ आधीपासूनच माहीत होती.

धुराडे दुरुस्त करायला बिरू गवंडी ठरला होता. बिरू मूळचा आटपाडीकडचा. त्याच्या आजाने मेंढरे राखली, बापाने मेंढरे विकली, आणि तो विटांमागे लागून नदीकाठाला आला. तो वर चढला, कान लावला, खाली उतरला आणि म्हणाला, "आवं आक्का, ह्यात काय हाय? चुलीत ओला पाला घालायचा, धूर दावायचा. धा मिंटात पळत्यात."

"आन् त्यांची पोरं?"

"कुनाची?"

"माश्यांची रं. पोळ्यात असत्यात ती. त्यास्नी पाय हायत का पळाय?"

बिरूने माझ्याकडे पाहिले. मी उसाकडे पाहिले.

"मग कवा जायाच्या त्या?"

"त्यांच्या मनाला आलं की जात्याल."

"आन् माझ्या मनाला आल्यालं काम?"

"तू च्या घे," आक्का म्हणाल्या.

अशा रीतीने चैत्र गेला. लिंबाला मोहोर आला, त्याचा कडसर गोड वास भिंतींना चिकटून राहिला, आणि माश्यांचे काम वाढले. बिरू दर दोन-चार दिवसांनी येई, मान वर करून बघे, चहा पिई आणि जाई. वैशाखात ऊन इतके चढले की अंगणातल्या सावल्यांनाही हलायचा कंटाळा आला. आक्का दुपारभर सोप्याच्या खांबाला पाठ लावून बसत, पाय लांब केलेले, हातात पाणी गाळायचे जाड पांढरे फडके. ते उलगडत, घडी करत, पुन्हा उलगडत. त्यांच्या त्या बसण्यात एक प्रचंड थकवा होता, पण हार नव्हती. माझ्या मनात मात्र एक पापी शंका येऊन गेली. माश्या आहेत तोवर धुराड्याला हात लावता येत नाही, धुराड्याला हात लावला नाही तर तारीख टळत जाते, तारीख टळत गेली की चातुर्मास येतो, आणि चातुर्मास आला की वेस बंद. ही अहिंसा होती की मुत्सद्देगिरी, हे मला ठरवता येईना. दोन्ही एकाच घरात सुखाने नांदू शकतात, एवढे मात्र मला त्या उन्हाळ्यात कळले.

ही शंका अजितलाही आली असावी. ज्येष्ठ लागता लागता त्याने महाबळेश्वरकडून एक माणूस आणला. त्याच्या डोक्यावर जाळीची टोपी होती आणि बोलण्यात व्याख्यान होते. मानवी संस्कृतीचे अस्तित्व मधमाशीवर कसे अवलंबून आहे हे त्याने अंगणात उभे राहून आम्हाला ऐकवले. आक्कांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि दोन अटी सांगितल्या: धूर करायचा नाही, आणि पोळे पिळायचे नाही. मध त्यांच्या घरात कधी आलाच नव्हता. तो म्हणाला, धुराशिवाय जमत नाही. आक्का म्हणाल्या, "मग संस्कृतीचं काय ते तुमीच बघा." त्यावर त्याने उन्हे उतरायची वाट पाहिली, पाणी शिंपडत शिंपडत खांद्याच्या सैल विटा काढल्या, आतली पोळी एकेक करून लाकडी पेटीतल्या चौकटींना दोऱ्याने बांधली, आणि राणी पेटीत गेल्यावर बाकीची प्रजा तिच्यामागे कशी निमूट जाते हे सांगण्यासाठी टोपीची जाळी वर केली. एक माशी निमूट गेली नाही. ती त्याच्या पापणीवर बसली.

आक्कांनी स्वतः त्याच्या सुजलेल्या पापणीवर चुन्याचे बोट लावले. दिवस मावळायला आला होता, म्हणून जेवायला मात्र थांबवता आले नाही. तो एका डोळ्याने रस्ता बघत पेटी घेऊन गेला. अंगणात एकदम इतके शांत झाले, की आक्का पुन्हा चुलीपाशी जाऊन भिंतीला कान लावून बसल्या. "गेल्या," असे त्या म्हणाल्या. त्या आवाजात समाधान होते असे मी म्हणणार नाही.

यानंतर बिरूचे काम सुरू झाले, आणि त्याला दोन मालकांचे दोन हुकूम होते. चातुर्मासाच्या आत काही हे नीट होत नाही असे धरून अजितने सांगितले होते की धुराडे कौलांपर्यंत उतरवायचे आणि भोकावर पत्रा मारायचा. आक्कांनी सांगितले होते की उतरवायचे आणि पुन्हा चढवायचे. अर्धे काम दोन्हीकडे सारखेच असल्याने बिरूने ते निर्धास्तपणे केले. बांबूची परांची बांधली. कमळ खाली आले. जमिनीवर पाहिल्यावर ते बैलगाडीच्या चाकाएवढे निघाले आणि त्याच्या पाकळ्यांत कबुतरांची पिढ्यानपिढ्यांची संपत्ती साठलेली होती. मग विटा येऊ लागल्या. एका अंगाने तांबड्या, दुसऱ्या अंगाने काजळीने मखमली काळ्या. आक्का त्या घेऊन बसत आणि जुना चुना सुटावा म्हणून दगडावर आपटत. टक् टक्. कित्येक आठवड्यांनी तो आवाज गल्लीत पुन्हा आला, आणि भिंतीपलीकडे हातातला पेपर बाजूला ठेवून मी काही वेळ नुसता ऐकत राहिलो. आपटलेली प्रत्येक वीट त्या उलटी करून न्याहाळत. आत कुणी राहिले नाही ना, हे पाहणे तिथेही चुकत नव्हते.

चूक दुसरीकडे झाली. जुन्या विटांना चुनाच हवा, सिमेंट ते पुन्हा ओकून टाकतील, हे सगळ्यांना आता मान्य होते. चुन्यात गुळाचे पाणी घालतात, त्याने तो चिवट होतो. बिरूने आक्कांकडे थोडा गूळ मागितला. पण अडत्याच्या घरात गूळ थोडा मागतात आणि पुष्कळ मिळतो. आक्कांनी अख्खी ढेप काढून दिली. बिरू नको म्हणाला, तर त्या रागावल्या. "आप्पांच्या कामाला गुळाला हात आखडायचा? लोक काय म्हणत्याल रं?" बिरूने ढेप विरघळवली, चुना भिजवला, कढईएवढा ढीग करून ओल्या पोत्याखाली झाकला आणि घरी गेला.

सकाळी पोते हलत होते. गावातल्या यच्चयावत मुंग्यांना निमंत्रण गेले असावे. तांबड्या, काळ्या, मोठ्या डोंगळ्यांसकट सगळ्या आल्या होत्या. कुंपणापासून ढिगापर्यंत त्यांचे राजरस्ते पडले होते. बिरूने थापी उचलली. आक्कांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"आक्का," बिरू अतिशय दमलेल्या आवाजात म्हणाला, "आता मुंग्यास्नी महाबळेश्वरचा मानूस आनायचा का?"

"थांब वाइच."

"थांबतोय की. फाल्गुनापास्नं थांबलोयच."

आक्का आत गेल्या. ज्वारीच्या पिठात साखर कालवून घेऊन आल्या, आणि ढिगापासून कुंपणापर्यंत, कुंपणाकडून बाभळीच्या बुंध्यापर्यंत, कमरेत वाकून त्या पिठाची रेघ ओढत गेल्या. रांगोळीसारखी, पण सरळ. वयाने वाकलेले ते शरीर आणखी वाकलेले, एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून पडणारी पांढरी धार. ज्येष्ठातल्या ढगाळ, राखी प्रकाशात ती रेघ आणि ती बाई एवढेच काय ते उजळ दिसत होते. मग त्या पायरीवर बसल्या. बिरू परांचीवर बसला. मी भिंतीवर कोपर टेकून उभा राहिलो. मुंग्यांनी विचार करायला बराच वेळ घेतला.

अजित आला तो अशा वेळी. रविवार होता. चातुर्मास तोंडावर आला होता, विश्रामबागेतली आईची खोली रंगवून तयार होती, आणि गाडीत रिकाम्या पिशव्या होत्या. त्याने पाहिले: धुराडे कौलांपर्यंत उतरलेले, गवंडी हवेत पाय हलवत बसलेला, शेजारी बघ्या, आणि आई मुंग्यांना वाट दाखवते आहे.

"पत्रा कुठंय?" त्याने बिरूला विचारले.

"आक्कास्नी इच्यारा."

"आई, पत्रा मारायचा ठरलं होतं ना?"

"तुझं ठरलं व्हतं. माझं न्हाई."

"अगं, कोणासाठी बांधायचं हे? तू तिकडं येणार. इथं राहणार कोण? मुंग्या?"

 हात लांब करून आक्कांनी उसाच्या शेंड्यांवर बोटे टेकवली. ढगांमुळे सूर्य दिसत नव्हता. तरी त्यांनी मापले. अजितने ते पाहिले. तो पायरीवर त्यांच्या शेजारी बसला. दोघेही पिठाच्या रेघेकडे बघू लागले. रेघ हळूहळू काळी होत होती. ढिगावरचे राजरस्ते विरळ होत चालले होते.

"तुला इथंच राहायचंय," तो शेवटी म्हणाला.

"धुराडं उभं ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाल्या. हे त्याच्या वाक्याचे उत्तर नव्हते, पण ते त्या वेळी आमच्या कुणाच्याच लक्षात आले नाही.

अजितने चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले. भांडायला लागणारी शक्ती त्याच्यापाशी उरली नव्हती. माणसे पुष्कळदा पटल्यामुळे नव्हे, तर थकल्यामुळे उदार होतात. "बांध बाबा," तो बिरूला म्हणाला. "पण ह्या वेळी गूळ कमी घाल."

बिरूने बांधले. ओळंबा सोडून, एकेक वीट जुन्याच क्रमाने नव्हे पण जुन्याच जिद्दीने, तो वर वर गेला. कमळ करायचे की नाही यावर थोडी चर्चा झाली. आक्का नको म्हणत होत्या, बिरूची हौस मोठी होती. त्याने पाकळ्या घडवल्या. पाकळ्या जरा जाड झाल्या आणि मिटलेल्या राहिल्या, आणि उतरून लांबून पाहिल्यावर बिरू स्वतःच म्हणाला, "कोबीचा गड्डा झाला गड्या." आक्का हसल्या. त्या वर्षात मी त्यांना हसताना पाहिले ते तेवढेच.

चातुर्मासाच्या आदल्या संध्याकाळी चूल पेटली. टक् टक् झाली, काडी ओढली गेली, आणि कोबीतून धूर निघाला. आधी काळपट, मग निळा. कुशीतून एक धागाही सुटला नाही. गल्लीतल्या चार बायका कौतुकाने अंगणात आल्या. आक्का परसदारी उभ्या होत्या, मान वर, हात कमरेवर. विजय मिळवलेल्या माणसासारख्या त्या दिसायला हव्या होत्या, पण त्या प्रवास संपवून सामान खाली ठेवलेल्या माणसासारख्या दिसत होत्या.

चार महिने तो धूर रोज वेळेवर निघाला. पावसाने भिजलेल्या हवेत तो खाली दबून गल्लीत पसरे, भाद्रपदाच्या उघडिपीत सरळ उभा राही, आश्विनात इतका हलका होई की आहे की नाही कळू नये. लाकडांची टक् टक् मात्र दिवसेंदिवस सावकाश होत गेली. दोन आपटण्यांमधले अंतर मी नकळत कानांनी मोजू लागलो, आणि ते वाढत गेले.

दिवाळीला महावीरांचा निर्वाणलाडू वाहून झाला, कार्तिकी पौर्णिमा उलटली, नियम सुटला. त्या दिवशी आक्कांनी मला हाक मारली आणि अजितला फोन लावायला सांगितला. "ये म्हणावं गाडी घिऊन. आन् पिशव्या आन."

मी नंबर लावता लावता थांबलो. "आक्का, पण तुम्हाला तर इथंच राहायचं होतं."

"आसं मी कवा म्हणाले?"

खरोखरच त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. आम्हीच म्हणालो होतो. मी, अजित आणि बिरूने आपापसात.

"लय दमले रं सुभाष आता," त्या म्हणाल्या. "लाकूड उचलंना झालंय. पर पडकं टाकून गेलं की पळून गेल्यागत वाटतंय. आप्पांनी उभं केल्यालं पडाय लागलं आन् ही पळाली, आसं कशाला? आता नीट हाय. आता कुलूप लावलं तरी चालतंय."

जाताना त्यांनी चुलीतली राख काढली, चूल सारवली, चुलीच्या तोंडाशी वाकून एकदा कान लावला, आणि आत कुणी नाही याची खात्री करून मग उठल्या. अजितने पुढे येऊन हात दिला. तो त्यांनी घेतला.

विश्रामबागेत मी अधूनमधून जातो. चौथ्या मजल्यावरून सूर्य गावापेक्षा जरा उशिरापर्यंत दिसतो. अजितने हे आईला मोठ्या आनंदाने समजावून सांगितले, की तुला इथे जेवायला जास्त वेळ मिळेल. आक्का त्या जास्तीच्या वेळेला हात लावत नाहीत. बाल्कनीत येऊन हात लांब करतात, समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्यांवर बोटे टेकवतात, त्यातून उसाचे शेंडे वजा करतात, आणि गावच्या वेळेला जेवतात. सूनबाईंनी ओट्यावरचा पंखा लावला की फोडणीचा वास कुठेतरी निघून जातो. तो कुठे जातो, हे आक्कांनी मला एकदा विचारले. 

संध्याकाळी आमच्या परसात उभे राहिले की पश्चिमेचे आकाश पूर्वीपेक्षा रुंद वाटते. जिथे रोज काही दिसत असे तिथे काही न दिसणे, हेही डोळ्यांना कळायला वेळ लागतो. माणूस जातो एका दिवशी, आणि त्याची वेळ मात्र कितीतरी दिवस आपल्या दारी येऊन उभी राहते, तिला बस म्हणावे की जा म्हणावे हे कळत नाही. मी तेव्हा वर बघतो. धुराडे ओळंब्यात आहे, भेग नाही, चुना गुळाने अगदी चिवट धरला आहे. गल्लीतल्या इंटरनेटची काळी केबल आता त्याच्याभोवती गुंडाळलेली आहे. आसपास दुसरे काहीच इतके पक्के नाही, असे केबलवाल्याचे म्हणणे आहे.